मुलाणी सरांची न मरणारी सीडी

मुलाणी सरांना माणसाचा चेहरा लक्षात राहायचा नाही, आवाज राहायचा. कितीतरी वर्षांनी एखादा माजी विद्यार्थी मिशा वाढवून, पोट सुटून भेटायला आला, की सर डोळे मिटून घ्यायचे आणि म्हणायचे, "बोल कायतरी." तो बोलला की त्याचं नाव, तुकडी आणि त्यानं वर्गात केलेल्या सगळ्या उचापती बाहेर यायच्या. आलेला बिचारा बायकोसमोर ओशाळून जायचा.

सांगलीच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि मी भूगोल. मूळचे फलटणकडचे. वर्गात पुस्तकी बोलायचे, वर्गाचा उंबरा ओलांडला की गावाकडची बोली सुरू. खांद्याला कायम एक कापडी पिशवी आणि पिशवीत टेपरेकॉर्डर. स्नेहसंमेलन असो, निरोप समारंभ असो, कुणाच्या घरचं बारसं असो, सर पिशवी उघडून कोपऱ्यात बसलेले. "बोलून घ्या," म्हणायचे, "मागनं मिळत न्हाई." एका संमेलनात प्रमुख पाहुणे बोलता बोलता माइकवर बोटं आपटत होते. सरांनी सगळ्यांदेखत उठून त्यांचा हात धरला आणि खाली ठेवला. मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. सर मात्र जागेवर येऊन पुन्हा कान लावून बसले.

राग नाकावर असायचा. पण तो राग आवाजासाठी असायचा, स्वतःसाठी नाही, म्हणून आम्ही सगळे तो सोसायचो. सगळ्यांत जास्त सोसायचे ते कांबळे सर. गणिताचे कांबळे सर आणि विज्ञानाचे मुलाणी सर म्हणजे एका डब्यात जेवणारी जोडी. एकमेकांना "कांबळ्या" आणि "मुलाण्या" म्हणायचे, तेही मुलांसमोर.

कांबळे सरांचे वडील, ज्यांना सगळे तात्या म्हणत, जुने जलशातले शाहीर. धर्मांतराच्या काळात गावोगाव डफ घेऊन फिरलेले, मुलींना शाळेत घाला म्हणून गात हिंडलेले. त्यांची गाणी कधी छापली गेली नाहीत, कुठल्या कंपनीनं ध्वनिमुद्रित केली नाहीत. म्हातारपणी एका दुपारी मुलाणी सरांनी त्यांना आपल्या टेपरेकॉर्डरसमोर बसवलं आणि एक कॅसेट भरून घेतली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तात्या गेले. मागे राहिल्या त्यांच्या पत्नी सोनाआजी, आणि ती एक कॅसेट.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सीडी नावाची वस्तू आमच्या सांगलीत तेव्हा नुकती दिसायला लागली होती. सरांचा एक जुना विद्यार्थी पुण्यात कॉम्प्युटरच्या धंद्यात होता. त्यानं सरांना सांगितलं, की कॅसेटमधला आवाज सीडीवर उतरवता येतो. फीत गुंतायला नको, बुरशी यायला नको. सरांच्या डोक्यात हे असं बसलं, की विचारू नका. सगळ्या कॅसेटी पोत्यात घालून ते पुण्याला गेले आणि सीड्यांची चळत घेऊन आले. स्वतःसाठी एक प्लेअर आणला, तोही घरी नाही, शाळेत ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी प्रयोग केला. बादलीत पाणी. हातात चकाकणारी सीडी. ती त्यांनी बुडवली, बाहेर काढली, खिशातल्या रुमालानं गोल गोल पुसली आणि प्लेअरमध्ये घातली. राष्ट्रगीत वाजलं. सगळी शाळा सावधान उभी राहिली आणि संपताच टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बघितलंसा?" सर मुलांना म्हणाले. "ह्ये मरत न्हाई."

ते गोल पुसणं सरांच्या हाताला लागलेलं होतं. त्यांच्या वडिलांच्या ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या घरी होत्या, त्या ते दर शुक्रवारी मखमलीच्या फडक्यानं खाचेच्या दिशेनं गोल पुसायचे. लहानपणापासून हात तसाच फिरत आलेला.

मी एकदा विचारलं, "सर, दोन-दोन प्रती का नाही काढल्या?"

"आवं बाई, मरत न्हाई तिला दुसरी कशाला?"

मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, पण सरांपुढे जास्त बोलायची सोय नव्हती. मग त्यांनी जे केलं, ते आमच्या भागात कुणीही केलं असतं. त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांची तासगावकडे द्राक्षबाग होती. मणी भरायला लागले की पाखरं उतरतात. त्यावर आमच्याकडचा सोपा उपाय म्हणजे कॅसेटची फीत काढून वेलींवरून आडवी-उभी ताणायची. उन्हात ती चकाकते, वाऱ्यात घूं घूं आवाज करते आणि पाखरं बिचकतात. सरांनी रिकामं पोतं परत आणलं आणि खूश होऊन सांगितलं, "सगळ्या कॅसेटी कामाला लावल्या. वाया कायच गेलं न्हाई."

त्या सगळ्यांत तात्यांची कॅसेटही होती. कांबळे सरांनी ऐकून मान हलवली. मित्रावर त्यांचा विश्वास होता.

सरांनी प्रत्येक सीडीवर पुण्याहून आणलेली गोल चिकटपट्टी लावून वळणदार अक्षरात नाव लिहिलं होतं. त्या पट्ट्या संपल्या आणि नेमकी तात्यांची सीडी कोरी राहिली. एप्रिलात जयंतीच्या दिवशी ती वाजवायला सर प्लेअरसकट कांबळ्यांच्या घरी गेले, तेव्हा मीही होते. ओसरीवर निळ्या पताका चिकटवायचं काम चाललं होतं. परातीत मैद्याची खळ, शेजारी निळा कागद. सीडी वाजून झाल्यावर सोनाआजींनी ती मागून घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "ह्येच्यावर त्यांचं नाव न्हाई व्हय?" कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी निळ्या कागदाचा गोल कातरला, बोटानं खळ फासली आणि सीडीच्या वरच्या बाजूला चिकटवून टाकला.

मुलाणी सर तडकले. "आई, ह्ये काय केलंसा! खळ लावत्यात व्हय असल्या वस्तूला? मुंग्या लागतील."

"पताकाला लागत न्हाईत, ह्येला कशा लागतील?" आजी म्हणाल्या.

सर परत येताना वाटभर धुसफुसत होते. सीडी मात्र त्यांच्याकडेच राहिली, कारण प्लेअर त्यांच्याकडे होता. विज्ञान खोलीतल्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर. वरच्या फळ्यांवर काचेची उपकरणं होती, ती फुटण्यासारखी. सीडी थोडीच मरणार होती.

त्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढायला लागलं. आमची शाळा नदीपासून फार लांब नाही. विज्ञान खोली तळमजल्यावर, अंगणापेक्षा एक पायरी खाली. सर सकाळपासून वाळूची पोती रचत होते. खोलीच्या दारात त्यांनी असा बांध घातला, की त्यांना स्वतःला आत जायला पाय मांडीइतका उचलून तो ओलांडावा लागे. पाणी रस्त्यावर आलंच नाही. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी शिपायानं खोलीचं दार उघडलं, तर आत गुडघाभर गढूळ पाणी. गटार उलटं वाहिलं होतं. खोलीच्या मागच्या मोरीतून नदी शांतपणे आत शिरली होती, आणि सरांच्या बांधानं ती बाहेरही जाऊ दिली नव्हती.

सर पाण्यात उभे होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "भूगोलाच्या बाई, तुमची नदी मागच्या दारानं आली." नेहमीसारखं चिडवायला गेले, पण उत्तराची वाट न बघता कपाटाकडे वळले.

आम्ही कपाटातून सीड्या काढल्या. सगळ्या चिखलानं माखलेल्या, कुठली कुठली कळायला मार्ग नाही. वरच्या मजल्यावर नेऊन वर्तमानपत्रावर मांडल्या. गावात लाईट नव्हती. नळाला येत होतं तेही मातकट पाणी. कांबळे सर येऊन भिंतीशी उभे राहिले होते. ते काही विचारत नव्हते आणि तेच सहन होत नव्हतं.

"धुतलं की झालं," मुलाणी सर म्हणाले. पहिली सीडी त्यांनी पाण्यात बुडवली आणि रुमालानं पुसली. गोल, गोल, गोल. चिखलातली बारीक वाळू रुमालाखाली करकरली. त्यांनी सीडी खिडकीकडे धरली. पाठीवर गोल रेघांचं जाळं उमटलं होतं. सर ती तशीच धरून बघत राहिले.

तेवढ्यात कांबळे सरांनी दुसरी सीडी उचलली. वरची चिकटपट्टी फुगली होती. ती निघते का बघावी म्हणून त्यांनी एक कोपरा ओढला. पट्टी निघाली, आणि पट्टीबरोबर खालचा चंदेरी थरही निघाला, दुधावरची साय निघावी तसा. हातात उरला नुसता पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा. त्यातून पलीकडचा फळा दिसत होता.

"मुलाण्या," कांबळे सर हळूच म्हणाले, "ह्ये तर मेलं की रं."

सर तसेच चिखलाच्या पायांनी उठले आणि एसटीडी बूथकडे धावले. पुण्याच्या विद्यार्थ्याला फोन लावला. परत आले तेव्हा त्यांचा नेहमीचा तोरा पार उतरला होता. त्यांनी सांगितलं ते असं. सीडी वाळू द्यायची नाही, चिखल वाळला की चरे पडतात. स्वच्छ पाण्यात नुसती हलवायची, घासायची नाही. पुसायचीच तर मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ. गोल अजिबात नाही. उन्हात ठेवायची नाही. वरच्या अंगाला नखसुद्धा लावायचं नाही, कारण सगळा आवाज तिथंच, त्या पातळ थरात असतो. चिकटपट्टी भिजून फुगली असेल तर आता काही उपाय नाही.

"आणि साध्या डिंका-खळीनं कागद लावला आसंल तर?" कांबळे सरांनी विचारलं. त्या दिवसातला त्यांचा हा पहिलाच प्रश्न.

"तर भिजत ठेवायची. आपनहून सुटला कागद तर सुटला. वढायचा न्हाई."

प्रयोगशाळेतलं डिस्टिल्ड वॉटर कपाटाच्या वरच्या फळीवर होतं, ते वाचलं होतं. आम्ही ते काचेच्या पसरट भांड्यांत ओतलं. मांडलेल्या सीड्यांत शोधता शोधता एकीवर चिखलाखाली निळा कागद दिसला. सरांनी ती सीडी कडांना धरून उचलली. पाण्यात ठेवताच चिखल खाली बसायला लागला आणि कागदाचा निळा रंग सुटून सगळं भांडं निळं झालं.

कांबळे सर तोंड फिरवून बाहेर गेले. त्यांना वाटलं, तात्याच विरघळले.

कागद भिजायला वेळ लागणार होता. आणि मुलाणी सरांना स्वस्थ बसवेना. त्यांना एकदम कॅसेट आठवली. कांबळे सरांच्या स्कूटरवर बसून दोघं तासगावच्या रस्त्याला लागले. पुढचं मला कांबळे सरांनी नंतर सांगितलं. बागायतदार सरांना बघून हरखला. "या सर, या! तुमच्या फितीनं लय झाक काम केलं बगा. येक पाखरू बसलं न्हाई."

"फीत हाय का अजून?"

"ती कशी राहील? छाटणीला तोडली, बांधावर पेटवली."

तरी सर बागेत शिरले. चिखलात वाकून एकेका खांबाशी बघत फिरले. एका तारेच्या टोकाला हातभर तुकडा अडकलेला होता, ऊन-पावसानं पांढुरका पडलेला. तात्यांच्या कॅसेटचा की संमेलनातल्या गाण्यांचा, कोण सांगणार? सरांनी तो सोडवून घडी घालून खिशात ठेवला. मग बांधावर बसले आणि म्हणाले, "कांबळ्या, मला शिव्या दे."

कांबळे सर म्हणाले, "आधी लाईट येऊ दे. मग बघू."

मला त्या माणसाचं नवल वाटतं. त्यांच्या जागी मी असते तर स्कूटर तिथंच सोडून घरी आले असते.

ते परत आले तोवर निळा कागद पाण्यावर तरंगत होता. मी हात लावला नव्हता, शपथ घेऊन सांगते. मैद्याची खळ विरघळली होती आणि कागद आपसूक सुटला होता. खालचा चंदेरी थर जवळजवळ जसाच्या तसा होता. कडेला मात्र एका जागी पापुद्रा सुटायला लागला होता. सरांनी सीडी मधल्या भोकातून सुतळीत ओवून टांगली, उन्हात नाही, वर्गाच्या सावलीत. मग भिंतीला टेकून तिच्याकडे बघत बसले. "खळ," एवढंच म्हणाले. "पताकाची खळ."

लाईट दुसऱ्या दिवशी दुपारी आली. आणि लाईटच्या आधी सोनाआजी आल्या. कांबळे सरांनी घरी काही सांगितलं नव्हतं, पण घरातली बाई मुलाच्या न जेवलेल्या ताटावरून ओळखतेच. चिखलातून काठी टेकत आल्या, जिना चढल्या आणि सीडी टांगलेल्या सुतळीखाली येऊन उभ्या राहिल्या.

"आवाज हाय का ह्यात?" त्यांनी विचारलं.

मुलाणी सर म्हणाले, "म्हाईत न्हाई, आई." त्यांना "माहीत नाही" म्हणताना मी प्रथमच ऐकलं.

प्लेअर वरच्या फळीवर होता म्हणून वाचला होता. त्यातला आवाज थेट टेपरेकॉर्डरमध्ये घ्यायची वायर सरांनी शोधली, तर ती खालच्या फळीवरची, गटाराच्या पाण्यात निकामी झालेली. मग त्यांनी आपल्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये कोरी कॅसेट घातली आणि तो प्लेअरच्या स्पीकरपुढे ठेवला. "ही सीडी येकदाच वाजंल आसं वाटतंय. वाजती तवाच भरून घ्यायची," ते म्हणाले. "बोलायचं न्हाई कुनी. खोकायचं न्हाई. खुर्ची वढायची न्हाई. ह्यो समदं ऐकतो." पंखा बंद केला. खिडक्या लावल्या. आम्ही चौघं घामानं भिजून बसलो. सरांनी टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबली, मग सीडी कडांना धरून आत ठेवली.

प्लेअर घरघरला. सीडी फिरायला लागली, थांबली, पुन्हा फिरली. काहीच नाही. कांबळे सर जमिनीकडे बघत होते. मी मनात कुणाकुणाला नवस केले ते आता आठवत नाही.

मग घसा खाकरल्याचा आवाज आला. डफावर एक टिचकी पडली. आणि तात्यांनी, त्या दुपारी मुलाणी सरांनी समोर बसवलेल्या म्हाताऱ्यानं, विचारलं, "येतोय का रं आवाज?"

त्यानंतर त्या मूळ ध्वनिमुद्रणात क्षणभर जागा रिकामी होती. मुलाणी सरांनी तेव्हा मानेनंच होकार दिला असणार.

सोनाआजी म्हणाल्या, "येतोय. म्हणा."

सर ताडकन वळले. बोट ओठांवर, डोळे लाल. तोंडातून शब्द निघणार तोच तात्यांचं गाणं सुरू झालं आणि सरांचं बोट ओठांवर तसंच राहिलं. तात्या गात होते, मुलींना शाळेच्या वाटेला लावा म्हणून. आवाज फाटका होता, पण चांगला खणखणीत होता. आजी डोळे मिटून ऐकत होत्या आणि मुलाणी सरांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आवाज न करता, कारण टेप चालू होता. मलाही हुंदका आला तो मी पदर तोंडात कोंबून थोपवला.

शेवटच्या गाण्यात, कडेचा पापुद्रा सुटला होता तिथं, सीडी अडखळली. एकच अक्षर पुन्हा पुन्हा वाजलं आणि ती थांबली ती थांबलीच. नंतर किती खटपट केली तरी प्लेअरनं ती ओळखली नाही. मेली ती. पण तिनं मरायच्या आधी आवाज दुसरीकडे सोपवला होता.

त्यानंतरचे मुलाणी सर थोडे वेगळे होते. राग तसाच, पण "मरत न्हाई" हे शब्द त्यांच्या बोलण्यातून कायमचे गेले. हाताची सवय मात्र बदलली. ते प्रत्येक वस्तू कडांना धरायला लागले. बशी, पापड, मुलांच्या उत्तरपत्रिका. स्टाफरूममध्ये आम्ही त्यावरून त्यांची खूप थट्टा केली. त्यांनी त्या कॅसेटच्या प्रती काढल्या आणि ओळखीच्यांना वाटायला सुरुवात केली, पण घर बघितल्याशिवाय कुणाला दिली नाही. कुणीतरी त्यांना सांगितलं, की मध्ये आलेला आजींचा आवाज पुण्यात काढून टाकता येईल, रेकॉर्डिंग स्वच्छ होईल. त्या माणसाशी सर नंतर बोलले नाहीत.

पुढं सोनाआजी गेल्या. आमच्या संस्थेनं माझी बदली पाचगणीच्या शाळेत केली. सर निवृत्त होऊन फलटणला राहायला गेले होते. एके दिवशी सकाळी दारात हजर. खांद्याला तीच पिशवी. थकले होते, स्टँडपासूनचा चढ चढून धाप लागली होती. चहासुद्धा आधी घेतला नाही. घरभर फिरून नळ कुठून जातो, मोरी कुठे आहे, छपराचा पत्रा कुठे गळतो, सगळं तपासलं.

"सर, इथं नदी नाही," मी म्हणाले. "पाचगणी आहे ही."

"इथं ती वरनं येती," सर म्हणाले. "आपून पुढच्या दारात पोती रचतो, बाई, अन ती भलतीकडनंच येती."

सगळं मनासारखं दिसल्यावर त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कॅसेट काढली, कडांना धरून माझ्या हातात दिली. वर नाव लिहिलेला निळा कागद होता, खळीनं चिकटवलेला.

संध्याकाळच्या एसटीला त्यांना बसवायला मी स्टँडवर गेले. खिडकीशी बसून त्यांनी शेंगदाण्याची पुडी दोन बोटांत कडेनं धरली होती. गाडी सुरू झाली तसे ते वाकून म्हणाले, "कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायची."

"ठेवते, सर."

"अन ऐकताना मधी बोलू नका." गाडी हलली. त्यांनी आवाज चढवला. "तात्यांनी इच्यारलं तर जवाब द्यायला आई हायत."